सोबतीचा खडा

१

यशोधनने मयुराला जर्मनीतला नाताळबाजार कबूल केला होता, तो कंपनीने त्याला जर्मनी कबूल केली म्हणून. नोव्हेंबरात कंपनीचा शब्द फिरला. प्रोजेक्ट दुसऱ्या टीमकडे गेलं, व्हिसासाठी काढलेले फोटो पाकिटात तसेच राहिले, आणि आठ वर्षांच्या मुलीला हे सांगायचं कुणी, यावरून दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर नवराबायकोचं दोन दिवस 'पहले आप' चाललं. शेवटी मयुरानेच विचारलं, "कॅन्सल झालं ना?" आणि उत्तराची वाट न बघता ती आपल्या खोलीत गेली. रडली असती तर बरं झालं असतं, असं लतिकाला वाटलं.

जूनपासून पोरीचं हे असंच होतं. पुण्यात तिच्या तोंडाची टकळी बंद कशी करायची हा प्रश्न असायचा. इथे आल्यावर ती सुरू कशी करायची हा प्रश्न झाला. शाळेत तिच्या हिंदीला मुलं हसायची. सोसायटी इतकी नवी की अर्ध्या फ्लॅटना कुलपं. खाली घसरगुंडी होती, पण घसरायला दुसरं पोर नव्हतं. लतिका गणिताची शिक्षिका, तिला गोष्टी अधांतरी ठेवायची सवय नाही. तिने यशोधनला स्पष्ट सांगून टाकलं होतं, की नाताळच्या सुट्टीपर्यंत पोरगी हसली नाही तर मी तिला घेऊन पुण्याला परत जाणार, तू राहा इथे. त्या दिवसापासून तो गुडगावच्या ऑफिसातून घरी लवकर यायला लागला होता.

आणि एका संध्याकाळी तो आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात.

"दिल्लीतच भरतो! नाताळबाजार! चाणक्यपुरीत, एका परदेशी संस्थेच्या हिरवळीवर. लाकडी दुकानं, केक, काचेचे गोळे, सगळं तसंच. पुढच्या शनिवारी."

"मग जाऊन येऊ की संध्याकाळी."

"जाऊन येऊ नाही. ट्रिप! शनिवार-रविवार, मुक्कामाची."

"स्वतःच्याच गावात मुक्काम?"

"द्वारका गावात येतं कुठे?" यशोधन म्हणाला, आणि यावर वाद घालणं कुठल्याही द्वारकावासीयाला अवघडच होतं.

हॉटेल परवडणार नव्हतं, पण त्याने तोही बंदोबस्त केला होता. ऑफिसातल्या जयंतच्या ओळखीने कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात एक खोली मिळत होती. सकाळी कँटीनचे पोहे, जायला-यायला नवीकोरी मेट्रो, ती हल्लीच मंडी हाऊसपर्यंत पोचली होती. दुधाची तहान ताकावर, पण ताक काही वाईट नव्हतं.

खोलीचं दार किलकिलं झालं. "तिथे रात्री झोपायचं?" मयुराने विचारलं, आणि येऊन टेबलाशी बसली.

मग काय विचारता! मेथीचे ठेपले की सँडविच यावर मतदान झालं. थर्मास कुणी उचलायचा, हातमोजे कुठल्या पेटीत आहेत, मोठा स्वेटर घालून परदेशी दिसता येईल का, अशा महत्त्वाच्या विषयांवर चर्चा झडल्या. "मी एक काचेचा गोळा घेणार," मयुरा म्हणाली. सहा महिन्यांत तिने आपणहून काहीतरी मागितलं होतं. लतिकाने आनंदाच्या भरात तिला न विचारताच खिचडी वाढली.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मयुराने स्पीकरचं बटण दाबून सगळी योजना त्यांना ऐकवली. त्यांनी कौतुक केलं आणि मग विचारलं, "तिघंच निघताय?"

"हो, अजून कोण असणार?" लतिका म्हणाली.

"अगं, तीन तिगाडा, काम बिगाडा. एक खडा घ्या बरोबर. चौथा म्हणून."

आपल्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, आणि निघावंच लागलं तर सुपारी नाहीतर एखादा खडा खिशात टाकावा, म्हणजे मोजणाऱ्याला चार भरतात. मोजणारा कोण, हे मात्र कुणी सांगत नाही.

"आई, ही शाळेत गणित शिकवते. तिला काय सांगतेस!" यशोधन हसला.

"शिकवू दे की. परत आलात की जिथला तिथे टाका, म्हणजे झालं. आणि परतल्यावर घरात नका आणू."

"मी आणते खडा!" मयुरा म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरलीसुद्धा.

लतिका बाल्कनीत येऊन उभी राहिली. सोसायटीच्या भिंतीला एके ठिकाणी भगदाड होतं आणि पलीकडे मोकळा प्लॉट, त्यात कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं. मयुरा तिथे उकिडवी बसली. तिने एक खडा उचलला आणि टाकला. दुसरा उचलला, तोही टाकला. तिसऱ्याशी मात्र मान वाकवून काहीतरी बोलली. मग थांबली. समोरचं माणूस विचार करत असताना आपण थांबतो तशी. मग तिने मान डोलावली आणि पळत वर आली.

"मी विचारून घेतला," तिने धापा टाकत सांगितलं. "नुसताच कसा आणायचा? यायचं नसलं तर?"

लतिकाला लेकीचं फार कौतुक वाटलं. तिने खडा हातात घेतला. लिंबाएवढा, गुळगुळीत. आणि कोमट. उन्हात पडलेला असणार, असं म्हणून तिने तो बॅगेच्या कप्प्यात ठेवला. दोन दिवस धुकं होतं आणि ऊन पडलंच नव्हतं, हे तिला भांडी आवरताना आठवलं. मुलीच्या मुठीची ऊब असेल, असं तिने ठरवलं आणि नळ बंद केला.

२

शनिवारी निघताना लतिकाने रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर दही घातलं. मयुराने बोट बुडवून एक ठिपका खड्यालाही लावला. "त्याला नको?" ती म्हणाली. यशोधनने खड्याला नमस्कार केला आणि "पाहुणे, पुढे व्हा," म्हणून दार उघडून धरलं. तिघंही हसत जिना उतरले.

मेट्रोत मयुरा खिडकीशी गुडघे टेकून बसली आणि बोलत सुटली. हे बघ, ते बघ, ती गच्ची बघ, म्हैस बघ. लतिका समोरच्या बाकावर होती. मध्ये गर्दी उभी असल्याने तिला लेकीचा फक्त आवाज येत होता. उत्तरं यशोधन देत असणार. मग गर्दी थोडी हलली आणि तिला दिसलं, की यशोधन पार दाराशी उभा राहून ऑफिसच्या फोनवर बोलतोय.

शेजारच्या पंजाबी काकूंनी लतिकाला कोपराने हळूच ढोसलं. "बच्चों को स्वेटर ठीक से पहनाओ बेटा, ठंड बहुत है."

"जी," लतिका म्हणाली. बायका असं अनेकवचनात बोलतातच, तिने स्वतःला सांगितलं. आपण नाही का म्हणत, मुलंबाळं कशी आहेत? मयुराच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती. राजीव चौकाला माणसावर माणूस चढला, तरी त्या जागेवर कुणी बसलं नाही.

मंडी हाऊसला उतरताना मयुरा जिन्यावरून ओरडली, "तावळी चाल!"

"हे काय गं?" लतिकाने विचारलं.

"म्हणजे लवकर चल," मयुरा म्हणाली. "तुला नाही येत?"

३

सदनातली खोली उंच छताची होती. तीन खाटा, जाड पडदे, आणि न्हाणीघराचं दार बंद होताना कण्हल्यासारखं वाजायचं. यशोधनने खाटेवर उडी मारून "जर्मनी!" अशी आरोळी दिली. मयुराने तिन्ही खाटांवर उड्या मारून पाहिल्या. मग दोन खाटा ढकलून एकमेकींना लावल्या आणि ऐटीत सांगितलं, "ही आमची."

"आमची म्हणजे तुझी आणि माझी?" लतिकाने विचारलं. मयुरा नुसती हसली.

तिथे चहा आणून देणारे विठ्ठल नावाचे साताऱ्याकडचे गृहस्थ होते. मराठी माणूस भेटला की त्यांची कळी खुलायची. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. दोन कप चहा, दोन पेले दूध.

"विठ्ठलराव, दूध एकच हवं होतं," लतिका म्हणाली.

"दोन्ही लेकरांना आणलं," ते म्हणाले. "मघाशी व्हरांड्यात पळत होत्या ना."

"मला एकच मुलगी आहे हो."

विठ्ठलरावांनी मयुराकडे पाहिलं, मग न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिलं. "बरं, बरं," ते म्हणाले, "दुसऱ्या खोलीतली असेल." पण पेला त्यांनी परत नेला नाही.

दुपारी यशोधन घोरायला लागला आणि लतिकाचाही डोळा लागला. तिला जाग आली ती कुजबुजीने. मयुरा पलीकडच्या खाटेवर पाठमोरी बसून काहीतरी सांगत होती. शाळेतलं, कुणीतरी तिच्या 'मेरे को' वर हसलं त्याचं. सहा महिने लतिकाने खोदून खोदून विचारूनही जे कळलं नव्हतं, ते सगळं ती सांगत होती. मग ती थांबली. त्या थांबण्यात उत्तराएवढी जागा होती. आणि मग मयुरा तोंडावर हात दाबून अशी हसली, की तिचे खांदे गदगदा हलले.

आपली मुलगी हसतेय. एकटी मुलं मनातल्या मनात मैत्रीण करतात, पुस्तकात असतं हे सगळं, लतिका मनाशी म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले. उठून बघावं असं तिला वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला उठायची भीती वाटली.

चारला उठून पाहिलं तेव्हा दुधाचे दोन्ही पेले रिकामे होते. दोन पेले दूध मयुरा जन्मात प्यायली नव्हती.

४

बाजाराला जायला त्यांनी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने चाणक्यपुरी ऐकून मान डोलावली, मग पुन्हा बघून तो नाही म्हणाला.

"चार नहीं बैठेंगे जी. तीन सवारी पास हैं. चालान कट जाएगा."

"तीन ही तो हैं," यशोधन म्हणाला.

रिक्षावाल्याने बोट उचललं. यशोधनवर एक, लतिकावर दोन, मयुरावर तीन, आणि मयुराच्या शेजारी, कमरेएवढ्या उंचीवर, चौथ्यांदा ते थांबलं. काही बोलणार इतक्यात मयुराच पुढे झाली.

"ताऊ, तावळी चाल ना! मेला खतम हो ज्यागा!"

तो हरियाणाकडचा माणूस आपल्या गावची बोली ऐकून खदखदून हसला. "अरे, या छोरी तो म्हारे गाम की लिकड़ी! चलो, बैठो. छोटी नै गोदी में ले लियो."

"बघ, हिंदी सुधारली पोरीची," यशोधन खुशीत म्हणाला. "धुक्यात त्याला डबल दिसलं असेल." मयुरा एका कोपऱ्यात चिकटून बसली, बाकीची जागा सोडून. लतिकाने बॅग मांडीवर घेतली. बॅगेत दोन शाली, थर्मास आणि तो खडा, एवढंच होतं. इंडिया गेट येईपर्यंत तिच्या मांडीला मुंग्या आल्या, इतकी ती बॅग जड लागत होती. आणि इतकी ऊबदार, की एवढ्या थंडीत तिच्या पोटाशी घाम आला.

बाजार मात्र खरोखर जर्मनीसारखा होता, निदान जर्मनी न पाहिलेल्यांना तरी तसं वाटत होतं. धुक्यात दिव्यांच्या माळा पेढ्यांच्या ओळीसारख्या पिवळ्या दिसत होत्या. शाळेतली मुलं स्टेजवर नाताळची गाणी गात होती. दालचिनीचा वास होता, मनुकांचे केक होते, गरम चॉकलेट होतं. यशोधनने सांताक्लॉजची टोपी घालून अशी काही मिशी फेंदारली, की मयुरा हिरवळीवर लोळून हसली. उघड्यावर, सगळ्यांसमोर, खळाळून. यशोधनने टोपीआडून लतिकाकडे पाहिलं. पुण्याचं नाव आता काढणार नाहीस ना, असं तो डोळ्यांनीच विचारत होता, आणि लतिकाला भरून आलं. तिने मान हलवली. नाही काढणार.

"तुझा दुसरा हातमोजा कुठाय?" तिने मयुराला उठवताना विचारलं. एकाच हातात लाल मोजा होता.

"दिलाय," मयुरा म्हणाली आणि काचेच्या गोळ्यांच्या दुकानाकडे धावली.

त्या दुकानात एका आडव्या दांडीवर चंदेरी गोळे टांगले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. प्रत्येकात सगळा बाजार वाकडा होऊन मावला होता. लतिका त्यात स्वतःला शोधायला लागली. हा टोपीवाला यशोधन. ही मी, केवढं नाक! ही मयुरा, हात वर केलेली. आणि मयुराच्या हाताला धरून…

लतिकाने पुढच्या गोळ्यात पाहिलं. मग त्याच्या पुढच्या. गोळे लहान होत गेले, त्यांतली माणसंही लहान होत गेली, पण ती चारच राहिली. चौथीचे केस विस्कटलेले होते, आणि तिचा चेहरा गोळ्याकडे नव्हता, वर लतिकाकडे वळलेला होता. फक्त लाल हातमोजा स्पष्ट दिसत होता. तो बोटांनी भरलेला होता.

ती वळली. मयुरा एकटीच उभी होती, एक हात किंचित बाजूला धरून.

"आई, मी दोन घेऊ?"

"दोन कशाला?"

"तिला एक नको?"

काच वाकडं दाखवते, गोल आरशात एकाचे दोन होतात, लतिकाने मनाशी म्हटलं. ते खरं नाही, हे तिला माहीत होतं; वर्गात तिनेच शिकवलं होतं. पण मयुराचे गाल लाल झाले होते आणि डोळे चमकत होते. लतिकाने दोन गोळे घेतले.

५

रविवारी परत येताना तिने सासूबाईंचं ऐकलं. यशोधन आणि मयुराला वर पाठवून ती भगदाडातून प्लॉटवर गेली आणि बॅगेतून खडा काढला. जिथून उचलला तिथेच ठेवला, आणि कुणी बघत नाहीसं पाहून पुटपुटली, "सोबत झाली. फार उपकार झाले. आता आपापल्या ठिकाणी."

खडा गार होता. कुठल्याही खड्यासारखा गार. तिने खात्रीसाठी पुन्हा हात लावून पाहिला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला. खडा गार म्हणजे संपलं. जिना चढताना तिला वरून मयुराचं हसणं ऐकू आलं आणि तीही हसली. काय एकेक खुळं घेतलं होतं डोक्यात! बाल्कनीत मयुराने दोन्ही गोळे शेजारीशेजारी टांगले होते. लतिकाने त्यांत वाकून पाहिलं नाही, एवढंच.

सोमवारी सकाळी यशोधन ऑफिसच्या गाडीने गुडगावला गेला. डबा भरता भरता लतिकाने हाक मारायच्या आत मयुरा गणवेश घालून तयार होती. सहा महिने रोज ओढत न्यायला लागणारी मुलगी! तिच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या, रिबिनींसकट. वेण्या लतिकाने घातल्या नव्हत्या, आणि यशोधनला दोरीची गाठ मारता येत नाही. कुणी घातल्या, हे लतिकाने विचारलं नाही.

ती दाराला कुलूप लावत होती, तेव्हा मयुरा म्हणाली, "आई, थांब. बाबा गेले ना?"

"कधीच."

"म्हणजे आता आपण तिघीच."

लतिकाचा हात कुलपावर तसाच राहिला.

"तीन तिगाडा. आजी म्हणाली ना," मयुरा समजावणीच्या सुरात म्हणाली. "खडा घ्यायला हवा."

खडा गार का झाला होता, ते लतिकाला तेव्हा कळलं. जे कोमट होतं ते तिच्याआधीच जिना चढून वर गेलं होतं. काय करायचं तेही तिला ठाऊक होतं. नाही म्हणायचं, घरात जायचं, बॅग भरायची, पुण्याची गाडी धरायची. पण पुण्याला निघाल्या तरी तिघीच निघणार होत्या. आणि समोर तिची मुलगी उभी होती, शाळेत जायला अधीर झालेली, हसरी, टकळी चालवणारी. ही मुलगी तिला परत हवी होती. जूनपासून ती देवाकडे हेच मागत होती.

"चल ना, तावळी!" मयुराने तिला ओढलं.

भिंतीपलीकडे दव पडलं होतं. मयुरा पुढे धावली, एक हात बाजूला धरून. लतिका वाकली. कालच्या खड्याशेजारीच दुसरा होता, त्याहून थोडा मोठा. तिने तो उचलला. एवढ्या थंडीत तो कोमट लागला.

"विचार ना," मयुरा म्हणाली. "नुसता उचलायचा नसतो."

लतिकाला बोलायचं नव्हतं. पण लेकीचे ते डोळे होते, तिच्या तोंडाकडे लागलेले.

"येता का आमच्याबरोबर?" तिने विचारलं. 'येता' का म्हणाली, आदराने का विचारलं, ते तिचं तिलाच समजलं नाही.

मयुरा थांबली. मग मान डोलावून टाळ्या पिटत हसली, आणि स्कूलबसच्या थांब्याकडे उड्या मारत निघाली.

लतिका तिच्या मागोमाग चालू लागली. एका हातात डबा आणि खडा होता, दुसरा मोकळा होता. गेटपाशी तो मोकळा हात कुणीतरी धरला. हात मोठ्या माणसाचा होता, कष्टाने खरखरीत झालेला. दिल्लीला आल्यापासून तिचा हात असा कुणी धरला नव्हता.

तिने बाजूला पाहिलं नाही, आणि हातही सोडवून घेतला नाही. पुढे मयुरा कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होती. बस यायला अजून थोडा वेळ होता.